मुद्राराक्षस आणि आपली आडनावे

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून. वाणिज्य शाखेचे पदवीधर. साहित्याचा आमचा संबंध एवढाच, की सकाळी चहाबरोबर दोन हिंदी आणि टपालाने आलेले एक शिळे मराठी वर्तमानपत्र आम्ही पहिल्या पानापासून निविदा-सूचनांपर्यंत वाचून काढतो. कार्यवाहांनी विषय दिला, 'वर्तमानपत्रांतल्या गमतीदार चुका'. वर असेही म्हणाले, की ठराव, निवेदने झाल्यावर मंडळी कंटाळतात, तेव्हा पंधरा मिनिटे हसवा. आम्ही हसवण्याचा प्रयत्न करू. मात्र शेवटी मतदार यादीवर येणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी मधेच चहाला उठणार नाही.

छपाईतल्या चुकीला मराठीत फार छान नाव आहे, 'मुद्राराक्षस'. मूळ ते विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे नाव. त्यातला राक्षस म्हणजे नंदांचा अमात्य आणि मुद्रा म्हणजे त्याची अंगठी. चाणक्य ती अंगठी मिळवतो, तिची मोहोर एका बनावट पत्रावर उठवतो आणि त्या एका कागदाने सारा डाव फिरतो. तेव्हा ज्या कोण्या मराठी संपादकाने छापखान्यातल्या भुताला हे नाव दिले, तो नाटक वाचलेला होता असे म्हणायला हरकत नाही. कागदावर उमटले की खोटेही खरे दिसते, हाच तर त्या नाटकाचा कणा.

आणि अक्षराच्या फेरफाराची मराठीतली सर्वांत मोठी गोष्ट छापखाना येण्याच्या आधीची आहे. 'ध चा मा करणे'. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी. गारद्यांना दिलेल्या आज्ञेत 'धरावे' होते, ते आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी ती कथा. दंतकथा म्हणूनच ती सांगावी. पण आपल्याला तिचा एक धागा जवळचा आहे. पुढे राघोबादादा पळापळीत असताना आनंदीबाई राहिल्या त्या आपल्या शेजारच्या धारच्या किल्ल्यात, आणि दुसरे बाजीराव जन्मले तेही तिथेच, जानेवारी १७७५ मध्ये. ज्या 'ध'ला त्यांनी घालवले म्हणतात, त्या 'ध'नेच सुरू होणाऱ्या गावाने त्यांना आसरा दिला! हा योगायोग कोणी लिहिलेला आमच्या वाचनात नाही, म्हणून इथे नोंदवतो.

आता छापखान्याकडे येऊ. तरुण मंडळींनी खिळ्यांची छपाई पाहिलेली नसेल. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा, ओळ जुळवायची, तीही उलटी, आरशातल्यासारखी. इंग्रजीला सव्वीस अक्षरे आणि त्यांची मोठी रूपे धरली की काम भागते. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे मिळून शेकड्यांनी खिळे लागत. त्यात वरच्या मात्रा आणि रफार नाजूक. दाब जास्त पडला की तुटून जात. मात्रा तुटली की 'देव'चा 'दव' होई, रफार तुटला की 'धर्म' 'धम' होऊन बसे. 'पोलिसांनी चार चोर पकडले' या ओळीतल्या चोराची मात्रा गेली, तर 'पोलिसांनी चार चार पकडले' असे छापून येणार. म्हणजे पोलिसांची कामगिरी एकदम वाढली! हे मात्र ध्यानात ठेवा, की ती चूक लोखंडाची आणि शिशाची होती. माणूस तिथे निर्दोष असू शके.

ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र माणसाची. 'शिक्षक दिन' या शब्दांतली वेलांटी दीर्घ केली की तो 'शिक्षक दीन' होतो. अतिथी शिक्षकांचे मानधन पाहिले तर ही चूक दुरुस्त करू नये असेच वाटते. 'गृहमंत्री'चा 'ग्रहमंत्री' तर इतक्यांदा वाचला आहे, की तसे एखादे खाते खरेच असावे आणि मंत्रिमंडळ विस्ताराचे मुहूर्त तिथूनच निघत असावेत. अनुस्वार उडाला की 'चिंता'ची 'चिता' होते. 'पाणीटंचाईने मुख्यमंत्र्यांची चिता' अशी ओळ छापून आली तर पाण्याची बातमी बाजूला राहते.

आणि एक जात शब्दांच्या जागेची. 'शुद्ध गायीचे तूप' ही पाटी आपल्या बाजारात आजही आहे. गाय शुद्ध आहे हे कळले, तुपाचे काय ते दुकानदाराने सांगितलेले नाही. संस्थांच्या वृत्तांतात 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला' हे वाक्य शिक्क्यासारखे पडते. शोकसभेच्या बातमीखालीही ते पडलेले असते. नेत्यांच्या वाढदिवसाला चौकात फलक लागतात, त्यांवर 'आदरांजली' लिहिलेली आम्ही पाहिली आहे. 'अंजली' हा शब्द कार्यकर्त्यांना फारच आवडतो. ती कोणाला वाहायची, जिवंताला की गेलेल्याला, हा तपशील कोण बघतो?

हे झाले सगळ्या मराठी मुलखाचे. आपल्या इंदूरची मौज वेगळी, कारण आपण दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो आणि दोन्ही घरांत शब्द तेच, अर्थ वेगळे. पुण्याचे पाहुणे आले की 'जिला शिक्षा अधिकारी' ही पाटी वाचून विचारतात, "अहो, तुमच्याकडे शिक्षा द्यायला जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा अधिकारी असतो?" पॅथॉलॉजीच्या दारावर 'यहाँ खून की जाँच होती है' हे वाचून त्यांना वाटते, पोलीस ठाणे आले. हिंदीतले 'संशोधन' म्हणजे आपली दुरुस्ती. त्यामुळे विधानसभेतल्या 'संशोधन विधेयका'ची बातमी घाईत मराठीत आली की वाचणाऱ्याला वाटते, आमदार प्रयोगशाळेत बसले आहेत. लोक अदालतीच्या हिंदी बातमीत 'दोनों पक्षों में राजीनामा' असते, म्हणजे तडजोड. आपल्या मराठी वाचकाला वाटते, दोघांनीही पदे सोडली. राजकारणात तसे कधी झाल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. आणि 'मंत्रीजी ने पूरी चेष्टा की' हे वाक्य तर मराठीत वाचले तरच जास्त खरे वाटते.

यातला एक शब्द मात्र मतदार यादीशी बांधलेला आहे, म्हणून तो पुढच्यासाठी राखून ठेवतो. तो शब्द म्हणजे 'आपत्ति'.

बाहेरच्या जगातही असे झाले आहे, नाही असे नाही. १६३१ साली लंडनमध्ये बायबलची एक आवृत्ती छापली गेली. दहा आज्ञांतल्या 'व्यभिचार करू नकोस' या आज्ञेतला नकार तेवढा गळला. छापणाऱ्यांना तीनशे पौंड दंड झाला आणि परवाना गेला. ३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रूमन यांना ड्यूई यांनी हरवले असा मोठा मथळा दिला. निकाल लागला तेव्हा ट्रूमन निवडून आलेले. तो अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचा फोटो आपण पाहिला असेल. घाई हेच कारण. मजकूर लवकर छापायला द्यायचा होता, निकालाला मात्र घाई नव्हती.

आपल्या गावाने यापेक्षा जड प्रकार सोसला आहे. २२ एप्रिल २०२१ ची रात्र. करोनाची दुसरी लाट, घरोघरी काळजी. अशा वेळी सुमित्राताई महाजन गेल्याची बातमी पसरली. काही वाहिन्यांनी ती दाखवली. शशी थरूर यांच्यासारख्या अनुभवी खासदाराने जाहीर शोक व्यक्त केला आणि मग ताई ठणठणीत असल्याचे कळल्यावर तो मागे घेतला. ज्या ताई १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरमधून निवडून गेल्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, त्यांच्याबद्दल इंदूरच्या प्रशासनाला एक फोन करावा असे कोणाला वाटले नाही. स्वतः ताईंनीही हेच विचारले. ती मुद्रणाची चूक नव्हती, एक अक्षरही चुकले नव्हते. व्याकरण शुद्ध, शुद्धलेखन शुद्ध, बातमी तेवढी खोटी! आम्हाला विचाराल तर वेलांटीच्या शंभर चुका आम्ही माफ करू, ही एक करणार नाही.

काही चुका मात्र वारंवार छापल्याने ज्ञान होऊन बसतात. महूचेच बघा. इंग्रजी स्पेलिंगची चार अक्षरे फोडून 'मिलिटरी हेडक्वार्टर ऑफ वॉर' असा अर्थ दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पुरवणीत येतो. मंदसौरचा तह झाला १८१८ साली, मग छावणी आली. महू हे गावाचे नाव, इंग्रजांनी ते आपल्या कानाने लिहिले, एवढेच. २००३ साली त्याचे डॉ. आंबेडकर नगर झाले, तरी ते 'हेडक्वार्टर' काही हलत नाही.

आता आडनावांकडे. इंग्रजी कानाने आणि हिंदी लेखणीने मिळून काय होते याचा सर्वांत मोठा दाखला ग्वाल्हेरला आहे. शिंद्यांचे इंग्रजीत 'सिंदिया' झाले, ते हिंदीत परतले तेव्हा 'सिंधिया' होऊन परतले, आणि आज शिंदे म्हटले तर खुद्द ग्वाल्हेरात लोक विचारतील, कोण शिंदे? आपले होळकर 'होलकर' झाले, धार-देवासचे पवार कधी 'पंवार', कधी 'पुआर'. पळशीकरांच्या नावाची वसाहत आपण रोज 'पलसीकर कॉलोनी' म्हणतो. राजघराण्यांचे हे, मग राजेंद्रनगरच्या काळ्यांचे काय? काळे 'काले' झाले. केळकर 'केलकर'. दाणी यांचे 'दानी' झाले, तेवढा मान तरी वाढला. वैद्य 'वैध' होतात, म्हणजे उरलेले सगळे अवैध. आणि मुळे यांचे 'मुले'. 'मुले को पुरस्कार' अशी बातमी आली तेव्हा त्यांच्या घरी दोन दिवस फोन येत होते, की मुलांना कसला पुरस्कार मिळाला. पुरस्कार आजोबांना होता, निवृत्त अभियंता म्हणून.

कोणी म्हणेल, हिंदीत ळ नाही, ते बिचारे काय करणार? हे आम्हाला पटत नाही. माळवीत ळ आहे. आपला दूधवाला, भाजीवाली तो स्वच्छ उच्चारतात. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ळ आहे, शिफ्ट दाबून एन. म्हणजे तोंडात आहे, बोटाखाली आहे, फक्त वापरायचा नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. पण दर्जा मिळाला तरी इंदूरच्या कागदपत्रांत ळ मिळाला नाही.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की हिंदी पत्रकारितेचे वळण घडवण्यात मराठी माणसांचा मोठा हात आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढले, टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. बाबूराव विष्णू पराडकरांनी काशीला 'आज'मध्ये बसून हिंदीला शब्द दिले. 'राष्ट्रपति' हा शब्द आणि नावाआधीचे 'श्री' रूढ करण्याचे श्रेय त्यांना देतात. आपल्या इंदूरला १९४७ साली 'नईदुनिया' निघाला, आणि भाषेच्या नेटकेपणाबद्दल ज्याचे नाव देशभर झाले त्या पत्राचे राहुल बारपुते दीर्घकाळ संपादक होते. मंडळी, दुसऱ्याच्या भाषेची वेलांटी आपल्या माणसांनी सांभाळली. आणि त्या पराडकरांच्या 'ड'खाली हिंदीने नुक्ता दिला तो दिलाच!

आता आमच्या कामाचे बोलतो. जमाखर्चात आकड्यांची अदलाबदल झाली, ४५३ चे ४३५ लिहिले गेले, तर फरक येतो १८. अशा उलटापालटीचा फरक नेहमी नऊने भागला जातो. ताळा जुळला नाही आणि फरक नऊने भागला गेला, की जुना कारकून ओळखतो, कुठेतरी दोन आकडे फिरले आहेत. आकड्यांना अशी कसोटी आहे. अक्षरांना नाही. काळेचे काले झाले तर कुठलीही बेरीज चुकत नाही, संध्याकाळी कॅश बरोबर जुळते आणि चूक वीस वर्षे सुखाने पडून राहते. गंमत म्हणजे कायद्याचा विश्वास अक्षरांवर जास्त. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे १८ वे कलम सांगते, की चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरायची.

ती पडून राहिलेली चूक उठते कधी? घरातला माणूस गेल्यावर. एक काकू आमच्या काउंटरवर आल्या होत्या. काका गेले, ठेवीचे पैसे काढायचे. पासबुकात 'काले', मृत्यूच्या दाखल्यावर 'काळे', आधारवर इंग्रजीतून तिसरेच काहीतरी. तिन्ही माणसे एकच आहेत, असे शपथपत्र करा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या, असे त्यांना सांगितले गेले. त्यांनी दोन्ही केले. सूचना छापून आली: 'काले आणि काले ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.' छापणाऱ्याने ळ काढून दोन्हीकडे ल घातला होता! काकू म्हणाल्या, "भाऊ, चाळीस वर्षे संसार केला, आता नवरा कोण होता ते सिद्ध करत फिरते आहे." त्या हसत म्हणाल्या, म्हणून आम्हालाही हसता आले. पैसे मिळायला साडेचार महिने लागले.

ज्ञानेश्वर नावाच्या लोकांचे तर अजून वेगळे. इंग्रजीत मराठी माणूस ते 'डी'ने सुरू करतो, हिंदी लिपिक 'जी'ने. वर्णानुक्रमाच्या यादीत एकच माणूस दोन ठिकाणी शोधावा लागतो, आणि बहुधा तिसऱ्या ठिकाणी सापडतो.

आता मतदार यादी. निवडणूक आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ ला ज्या बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले, त्यांत मध्य प्रदेश होता. घरोघरी फॉर्म आले, दोन दशकांपूर्वीच्या यादीत आपले किंवा आई-वडिलांचे नाव शोधायचे होते, आणि डिसेंबरमध्ये मसुदा यादी लागली. त्या दिवसांत आपल्या वस्त्यांत काय चालले होते ते आपण पाहिले. वडील जुन्या यादीत 'मूले', मुलगा नव्या यादीत 'मुळे', सून 'मुले'. आजी लग्नाआधीच्या नावाने भलत्याच वॉर्डात. ज्यांच्या पाच पिढ्या होळकरशाहीपासून इथे आहेत, ती घरे आपण इथलेच आहोत हे एका अक्षरासाठी समजावत होती. बीएलओ बहुतेक शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडीच्या ताई, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात छापील कागद होता आणि त्या कागदावर तसे होते.

आणि मग वर्तमानपत्रात सूचना आली, 'दावे-आपत्तियाँ आमंत्रित'. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, आक्षेप. आमच्या आत्याबाईंनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "आमंत्रण कशाला द्यायचे, त्या न बोलावता येतातच की!"

नियम काय आहे ते नीट सांगतो, कारण यात अफवाही पुष्कळ आहेत. ओळखपत्रावरची किरकोळ लेखनाची चूक असली आणि ओळख पटत असली, तर तेवढ्यावरून मतदान नाकारायचे नाही, अशा आयोगाच्या सूचना असतात. पण नाव यादीत असलेच पाहिजे. यादीतून गेलेच असेल तर नव्याने फॉर्म ६. नाव आहे पण चुकीचे आहे, किंवा पत्ता बदलला आहे, तर फॉर्म ८. हे अर्ज पुनरीक्षण संपल्यावरही देता येतात.

दुसरी बाजू आपल्या मंडळाच्या कामाची. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते यादी पुढे घेऊन आडनावांवरून समाज मोजतात. 'कर' लागलेले सगळे त्यांना मराठी म्हणून सापडतात. जोशी, पंडित यांच्याबद्दल ते गोंधळतात. काले, दानी, मुले, वैध, पंवार हे मराठी रकान्यात धरलेच जात नाहीत. मग आपण शिष्टमंडळ घेऊन उमेदवारी मागायला गेलो, की समोरचा आकडा दाखवतो आणि म्हणतो, तुमची एवढीच मते. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या यादीत खरोखर तेवढीच असतात. मराठी शाळेच्या जागेचा प्रश्न असो, बसथांब्यावरच्या मराठी पाटीचा असो, आपली बाजू आधीच काही अक्षरांनी कमी भरलेली असते. २०१७ साली इंदौरचे पुन्हा 'इंदूर' करावे असा विषय महापालिकेत निघाला होता, तेव्हा आपल्यातले पुष्कळजण खूश झाले. शहराचे नाव बदलो न बदलो, आम्ही म्हणतो, आधी बूथच्या यादीतले मुळे दुरुस्त करू.

कार्यकारिणीने वस्तीवार याद्या काढल्या आहेत. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर आणि स्नेहलतागंज एवढ्यांच्या आज इथे आहेत, बाकीच्या पुढच्या सभेला. फॉर्म ८ च्या कोऱ्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपले नाव स्वतःच्या हाताने, सुट्या अक्षरांत लिहा, आणि ज्यांच्या नावात ळ आहे त्यांनी तो जरा मोठा काढा, म्हणजे टंकलेखकाला तो डाग वाटणार नाही. सोबत ज्या कागदावर नाव बरोबर आहे त्याची झेरॉक्स लागेल. अर्ज दिला की पोच घ्या, आणि पोचेवर आपले नाव काय लिहिले आहे ते तिथेच उभे राहून वाचा. चष्मा घरी विसरलेल्यांना आम्ही वाचून दाखवू, आम्ही साडेसातपर्यंत इथेच आहोत.